दिवस असतानाचा पाहुणा

"आधी उजव्या हाताची घरं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आई हरवलीय. आपण शिरगणतीला निघालेलो नाही."

"म्हणूनच सांगतो. एक ओळ पुरी करायची, मग दुसरी. काखेत कळसा नि गावाला वळसा नको."

एवढं बोलून ते देसायांच्या फाटकाची कडी काढून आत गेले. मी रस्त्यात उभी राहून चडफडत होते. दुपार कलायला लागली होती. आई कधी बाहेर पडली ते आम्हाला दोघांनाही कळलं नव्हतं, कारण आम्ही स्वयंपाकघरात भांडत होतो. भांडण तिच्यावरूनच होतं. मी तिला पुण्याला माझ्या घरी न्यायला आले होते. दुसऱ्या दिवशीच्या गाडीची दोन तिकिटं माझ्या पर्समध्ये होती. अण्णा म्हणत होते, ती कुठंही जाणार नाही, मी समर्थ आहे. मी म्हणत होते, तुमचं वय बघा. आणि जिच्यावरून हे चाललं होतं ती चपला घालून, दार नीट लोटून निघून गेली होती. सकाळी तिनं साखरेची गोळी घेतली होती. पोटात चहाबरोबरच्या दोन खाऱ्यांशिवाय काही नव्हतं. दुपारचं ताट आमच्या वादात झाकूनच राहिलं होतं.

देसायांच्या ओसरीवर अण्णांनी विचारलेलं मला ऐकू आलं, म्हणजे जेमतेम ऐकू आलं. "आमची मंडळी इकडं आली होती का?"

चाळीसेक वर्षं विद्यापीठाचं ग्रंथालय सांभाळलेला माणूस. आवाज चढवायचा असतो हेच ते विसरले होते. लहानपणी आम्हाला रागवायचे तेसुद्धा कुजबुजत, त्यामुळं रागवलेत की गुपित सांगतायत ते कळायचं नाही. त्यातून त्या पिढीचे, बायकोचं नाव कधी तोंडात नाही. आता असा नवरा हरवलेल्या बायकोला हाक तरी कशी मारणार? मी गल्लीच्या मध्यावर उभी राहून "आईऽ" म्हणून ओरडले, तर अण्णांनी ओसरीवरून ओठांवर बोट ठेवलं. सवयच ती.

गावात त्यांना अजूनही 'ग्रंथपाल साहेब' म्हणत. भूपाल मगदूम हे नाव फक्त लाइटच्या बिलावर. आणि त्यांच्याविषयी बोलताना लोक हमखास दुसरी गोष्ट सांगायचे, ती म्हणजे असा घरधनी होणे नाही. ते खरंच होतं. मुंबईची मोठी जागा चालून आली तेव्हा आईला तिथली हवा मानवणार नाही म्हणून त्यांनी नाही म्हटलं. माझ्या वेण्या तेच घालायचे. भावाला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर त्याच्या उशाशी जमिनीवर झोपले. आईला विसर पडायला लागला तसं तिचं न्हाणं-खाणं सगळं त्यांनी स्वतःकडं घेतलं. साडी नेसवायलाही शिकले. आधी त्यावर एखादं पुस्तक मिळतं का बघितलं, मिळालं नाही तेव्हा देसाईवहिनींना विचारलं.

उजवीकडची घरं झाली, डावीकडची झाली. देऊळ झालं, दुधाची डेअरी झाली. माझा धीर सुटला.

"आता पोलिसात जाऊ या."

"जाऊ. पण जरा थांब."

"कशासाठी थांबायचं? शेजारी बघितलंत ना सगळं?"

"बघितलं. पुस्तक जागेवर नसलं की आधी शेजारी बघतात."

"आणि शेजारी नसलं तर?"

मी हे चिडून विचारलं होतं. अण्णांना मात्र तो कामाचा प्रश्न वाटला आणि त्यांनी मनापासून उत्तर दिलं.

"मग जुनी मांडणी आठवायची. आम्ही माळावरच्या नव्या इमारतीत आलो ना, तेव्हा कपाटांचे क्रम बदलले. पण माणसांचे हात जुनेच. पुस्तक घेतलं की आपोआप जुन्या हिशेबानं ठेवून..."

ते बोलता बोलता थांबले. मग म्हणाले, "रिक्षा बघ. साळी गल्ली."

साळी गल्लीत आम्ही राहायचो ते मला आठवत नाही. मी तेव्हा पाळण्यात होते. विद्यापीठ नवं नवं होतं, ग्रंथालय त्या गल्लीतल्या एका जुन्या शाळेत भरायचं, आणि जवळच एका माडीवरच्या दोन खोल्यांत आई-अण्णांनी पहिला संसार मांडला होता. रिक्षात अण्णा ताठ बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान सरळ. मी त्यांच्याकडं बघितलं तर त्यांची हनुवटी हलत होती. मी रिक्षावाल्याला जरा भरभर घ्यायला सांगितलं.

घराच्या पायरीवर एक बाई पाटीत मेथी निवडत बसली होती. आम्हाला बघितलं आणि उठलीच.

"म्हाताऱ्या आक्का तुमच्याच का? देवच पावला म्हणायचा. कवाधरनं बसल्यात बघा वर."

"बरी आहे ना?" मी विचारलं.

"बऱ्या हाईत की. मी मालन सुतार. आमी हितं भाड्यानं ऱ्हातो. मी शिवत बसलेली, तर ह्या सरळ जिना चढून आल्या आन् मलाच म्हणाल्या, आज लवकर आलीस व्हय गं कामाला. मी म्हटलं, व्हय, मी मालन, आले. आता काय म्हणायचं? माझ्या सासूचंबी शेवटाला असंच हुतं. पर च्या दिला तर घेईनात, भाकरी दिली तर खाईनात. ताट हुतं तसं हाय."

अण्णा तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले. तिचं निम्मं बोलणं त्यांच्या कानात शिरलं नसावं. ते माझ्या आधी जिना चढले.

आई खिडकीखाली पाटावर बसली होती. पदर खांद्यावरून घेतलेला, पाय जवळ ओढलेले, एखाद्या नव्या सुनेसारखी. शिवणाच्या मशीनकडं तिनं पाठ केली होती. अण्णा दारात उभे राहिले आणि एक मोठा श्वास सोडून म्हणाले, "किती शोधलं तुला."

आईनं त्यांच्याकडं बघितलं. भीती नाही, राग नाही. दारात परका माणूस आला तर घरंदाज बाई बघते तसं.

"कोण पाहिजे आपल्याला?"

हे तिचं अधूनमधून व्हायचं. अण्णा घाबरले नाहीत. जवळ जाऊन बसले. "अगं, मी. चल, घरी जाऊ. तू जेवली नाहीस."

"मी घरीच आहे," आई म्हणाली आणि सरकून बसली. "आणि मला अगं-तुगं करू नका. यजमान घरात नाहीत."

"मीच यजमान."

आई हसली. चक्क हसली. "काहीतरीच बोलता. अजून ऊन आहे बाहेर. आमचे हे दिवस असताना कधी घरी येतात का?"

हे वाक्य अण्णांना बरोबर लागलं. आमच्या घरातली रीत ठाऊक नसली तर ते समजायचं नाही, म्हणून सांगते. आम्ही जैन. सूर्य मावळला की अन्नाला शिवायचं नाही. अण्णा थोडंफार सैल होते, आई काटेकोर. तिला कितीही भूक असो, आजारपण असो, दिवस बुडाला की थेट सकाळ. आणि अण्णा ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडं ठेवायचे. खेडोपाडीची मुलं गावात खोल्या घेऊन राहायची, खोल्यांत दिवे नसायचे. त्यांना वाचायला जागा हवी म्हणून अण्णांनी ते सुरू केलं, आणि संध्याकाळी बसायला कुणी कारकून तयार होईना म्हणून स्वतः बसले. कायमचे. शिपाई घरून डबा न्यायचा. अण्णा दिवस असताना तिथं टेबलावर जेवायचे, आई इथं. त्या वाचनालयातून पुढं मोठी झालेली माणसं अण्णांच्या पाया पडायला यायची. आई आत चहा करायची.

"बरं, आता खाऊन घे," अण्णा म्हणाले. ताट समोरच होतं. "सूर्य खाली चाललाय."

"नाही. आज मी थांबणार आहे."

"कुणासाठी?"

"ह्यांच्यासाठी. आज ठरवलंय मी. ते आले की दोघं बसू."

"ते येईपर्यंत दिवस मावळेल. मग तू जेवणार कशी?"

"नाही जेवणार. उपास घडेल. रोज एकटीनं गिळण्यापेक्षा बरा."

मला राहवेना. मी पुढं होऊन तिचा दंड धरला. "आई, पुरे झालं. तुला चक्कर येईल. दोन घास खा नि चल." तिनं माझा हात अशा काही जोरानं झटकला की ताट हललं. "ही कोण मुलगी? हात लावते अंगाला!" तिचे ओठ कापायला लागले. कपाळावर घाम दिसत होता. मालनबाई दारातून म्हणाल्या, "नगा जबरदस्ती करू, ताई. घास नरड्यात अडकंल." खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. तासाभराचा उजेड उरला असेल. ती आत्ता जेवली नाही तर उद्या सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही घेणार नव्हती आणि गोळीनं साखर उतरली तर काय होईल ते डॉक्टरांनी आम्हाला स्वच्छ सांगून ठेवलेलं होतं.

"उचलून दवाखान्यात नेऊ," मी अण्णांच्या कानाशी म्हटलं. "आणि उद्या माझ्याबरोबर पुण्याला. आता तरी हट्ट सोडा."

अण्णांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. ते उठले, बाहेर गेले. मला वाटलं रिक्षा बघायला गेले. पण ते जिन्याच्या वरच्या पायरीवर नुसते उभे राहिले, सदरा नीट केला, टोपी डोक्यावर बसवली, आणि दाराची कडी हलकेच वाजवली.

"ग्रंथपाल साहेब आहेत का घरात?"

आईनं मान वर केली. "कोण?"

"मी वाचक आहे. परगावचा. साहेबांना भेटायचं होतं जरा."

"ते आठाशिवाय यायचे नाहीत. तिकडंच जा, शाळेत."

"तिथं फार गर्दी आहे. इथं थांबलं तर चालेल?"

आई क्षणभर घुटमळली. मग पाट पुढं सरकवला. "बसा. मालन, पाणी दे त्यांना."

अण्णा बसले. दारापासून बेताच्या अंतरावर, परपुरुष बसतो तसे, तिच्याकडं थेट न बघता. पाणी प्यायले. आणि मग आईनं त्यांना झापायला सुरुवात केली.

"तुम्हीच लोक त्यांना सोडत नाही. एक पुस्तक द्या, हे शोधून द्या, ते शोधून द्या. घर आहे त्यांना. माणूस आहे घरात."

"चुकलंच आमचं," अण्णा म्हणाले.

"तुमचं कसं? तुम्ही वाचणार. मुलांच्या खोलीत दिवा नसतो म्हणतात, ते खरंय. मी कधी नको म्हटलं नाही. चांगलंच काम आहे." ती थोडा वेळ बोटांनी पदराचं टोक गुंडाळत राहिली. "पण संध्याकाळ खायला उठते हो. पोरगी आहे, ती पाळण्यात. तिच्याशी किती बोलायचं? ताट वाढून घेते, भिंतीकडं तोंड करून बसते. घास उतरत नाही."

ती पोरगी मीच. चाळिशी उलटलेली, तिच्यापासून दोन हातांवर उभी होते.

"साहेबांना सांगितलंत कधी?" अण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता.

"काय सांगायचं?"

"हेच. एकटं वाटतं म्हणून."

आईनं पदराचं गुंडाळलेलं टोक सोडलं. "दारू पिणारा असता, मारणारा असता, तर बोलता आलं असतं," ती म्हणाली. "माहेरी सांगता आलं असतं. हे इतके चांगले आहेत. सगळं गाव नाव काढतं. रविवारी भाजी आणतात, दुखलं-खुपलं बघतात. चांगल्या माणसाची तक्रार कुठल्या तोंडानं करायची?"

मालनबाईंनी डोळ्याला पदर लावला. मला रडू आलं नाही, उलट संतापच आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. आयुष्यभर ज्या संसाराचे गोडवे ऐकत मोठी झाले, त्यात एक बाई रोज भिंतीकडं तोंड करून जेवत होती आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. अण्णा मात्र हलले नाहीत. त्यांनी खिडकीकडं बघितलं आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाले, "बाई, एक विचारू? मी सकाळपासून जेवलेलो नाही."

हे खोटं नव्हतं. त्यांचंही ताट घरी झाकलेलंच होतं.

"आम्हीही रात्री जेवत नाही," ते म्हणाले. "दिवस आता बुडेल. घरचं काही मिळालं असतं तर..."

आई ताडकन उठली. इतक्या वेळात पहिल्यांदा ती जागची उठली होती. "आधी नाही का सांगायचं! मालन, भाकरी आहे ना? दूध तापव. चटणीत लसूण असेल तर नको, ह्यांना चालायची नाही." तिनं समोरचं ताट त्यांच्यापुढं सरकवलं. मालनबाईंनी वाटीत दूध आणलं. आईनं भाकरी कुसकरली, वर दूध ओतलं, हात पुसले आणि बाजूला बसली.

अण्णांनी हात लावला नाही.

"काय झालं? गार आहे का?"

"तुमचं ताट?"

"मी थांबणार आहे, सांगितलं ना."

"मग मीही थांबतो. मला एकट्यानं जेवता येत नाही." अण्णांनी इतक्या सरळपणे सांगितलं की ते नाटक आहे असं वाटेना. "फार वर्षं जेवलो तसा. आता होत नाही."

आईनं त्यांच्याकडं बघितलं. दारी आलेला पाहुणा उपाशी आणि खिडकीत ऊन संपत आलेलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी ती म्हणाली, "मालन, मला पण एक वाटी दे."

आणि ती दोघं जेवली. मी उंबऱ्यात बसून बघत होते. अण्णा सावकाश खात होते, तिचा घास झाला की मग स्वतःचा घेत. आई बोलत होती. किती बोलत होती! नळाला पाणी कधी येतं, शेजारीण कशी चहाटळ आहे, माहेरच्या शेतातली चिंच, पोरीला दात येतायत. अण्णा फक्त "मग?" म्हणायचे. मध्येच तिनं माझ्याकडं बोट केलं.

"ती तुमची मुलगी?"

"हो."

"आईवर गेलेली दिसते."

"हो. अगदी."

"ह्या मुलीची आई घरी असेल ना? तिला जेवायला कोण सोबत?"

अण्णांचा घास हातात थांबला.

"जेवली असेल का ती?" आईनं पुन्हा विचारलं.

"जेवतेय," अण्णा म्हणाले. "आत्ता जेवतेय."

आईची वाटी रिकामी झाली तेव्हा भिंतीवरचं ऊन गेलं होतं. तिच्या चेहऱ्यावर थोडं रक्त दिसायला लागलं. अण्णा उठले, हात धुतले. "येतो," म्हणाले.

"साहेबांची भेट नाही झाली तुमची."

"पुन्हा येईन."

"या. दिवस असताना या, म्हणजे जेवूनच जाल."

मी त्यांच्या मागोमाग खाली आले. ते मालनबाईंच्या मेथीच्या पाटीशेजारी पायरीवर बसले होते.

"चला अण्णा. आता जेवलीय, आता उचलून नेता येईल."

"थांब. अजून उजेड आहे."

आम्ही थांबलो. गल्लीतले दिवे लागले. एक-दोन सायकली गेल्या. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.   आईनं जे सांगितलं ते तिनं अण्णांना सांगितलं होतं आणि नव्हतंही. पुरता अंधार झाला तसे ते उठले. टोपी काढून खिशात घातली, आणि जिना चढून कडी न वाजवता आत गेले.

"आलात?" आईचा आवाज खालपर्यंत आला.

मी जिन्यात जाऊन उभी राहिले. ती उठून उभी होती. पदर सावरला होता, आणि त्यांच्याकडं नवऱ्याकडं बघतात तशी बघत होती. ओळखलं होतं तिनं.

"आले बाई एकदाचे," आई म्हणाली. "पाणी देऊ?"

"नको. जेवलीस?"

"जेवले. ऐका ना, एक पाहुणे येऊन गेले. तुमच्याकडेच आले होते, वाचक."

"काय म्हणत होते?"

"काही नाही. बसले, जेवले. माझ्याशी बोलत बसले होते." ती थोडी लाजली. "तुम्हाला राग नाही ना आला? परक्या माणसाबरोबर पंगतीला बसले मी."

"राग कसला?"

"भूक लागली होती हो त्यांना. आणि फार ऐकून घेतात." मग किंचित थांबून, "तुम्ही दमला असाल. पडा आता."

"नाही दमलो," अण्णा म्हणाले. "चल, जरा बाहेर फिरून येऊ."

"आत्ता? दोघं?"

"दोघंच."

तिनं चपला शोधल्या. जिना उतरताना तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली होती, ती रिक्षात आणि घरी पोचल्यावरही सोडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी बॅग भरली. आईची भरली नाही. अण्णांनी विचारलं, "दोन तिकिटं होती ना?" मी म्हटलं, "एक परत करते." बस.

त्यानंतर आई होती तोवर आमच्या घरी ते रोज चाललं. ऊन उतरायला लागलं की अण्णा स्वयंपाक झाकून ठेवायचे, मागच्या दारानं बाहेर पडायचे, वळसा घालून पुढं यायचे आणि स्वतःच्या घराची बेल वाजवायचे. आई दार उघडायची. "या. साहेब अजून यायचेत." मग दोघं जेवायची. मग पाहुणे निरोप घ्यायचे आणि कोपऱ्यावरच्या बाकावर अंधार पडेपर्यंत बसून राहायचे. पावसात छत्री घेऊन. ग्रंथपाल साहेबांचं डोकं फिरलंय, असं कॉलनीतली पोरं म्हणायची. देसाईवहिनींनी मला फोन करून तसं काळजीनं कळवलंही. मी अण्णांना म्हटलं, निदान थंडीत तरी बाकावर बसू नका, मागच्या खोलीत बसा. ते म्हणाले, "घरात असलो तर ती मला हाक मारेल. कुणाला मारली ते कळायचं नाही."

मी रोज फोन करायचे. ते दोघांच्याही बातम्या द्यायचे. पाहुण्याला आज आईनं काय सांगितलं, साहेबांना काय सांगितलं. पाहुण्याकडं पुष्कळ असायचं. साहेबांच्या वाट्याला "दमलात का", "पाणी देऊ का". कधी कधी अण्णा हसून म्हणायचे, "ते गृहस्थ भाग्यवान आहेत." असं म्हटलं की मला फोन ठेवावासा वाटायचा.

तिच्या शेवटच्या हिवाळ्यातली गोष्ट. फोन लागला तरी अण्णा काही बोलेनात. श्वास ऐकू येत होता.

"अण्णा? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. जेवली. दोन भाकऱ्या खाल्ल्या आज. पाहुण्यांशी खूप बोलली."

"मग?"

"मग मी अंधार पडल्यावर आत गेलो. नेहमीसारखा. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, 'काही राहिलं का तुमचं?'"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आत आलेला तिला पाहुणाच वाटला होता.

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, साहेब आले का बघायला आलो."

"आणि ती?"

"ती म्हणाली, 'कोण साहेब?'"

अण्णांनी फोन ठेवला.